64 की 61

बुधवार, रात्री उशिरा

आज जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं एका बुंध्यापुढं उकिडवे बसलो होतो. मागच्या आठवड्यातल्या वादळात ऑफिसच्या आवारातलं जुनं झाड पडलं. फांद्या, खोड सगळं गेलं, जमिनीलगत कापलेला बुंधा तेवढा राहिला. मी टाचणी टेकवत वलयं मोजली, दर दहाला पेन्सिलीची खूण. माझी भरली 64. त्याची 61. एका कडेला लाकूड कुजून काळं पडलंय, तिथं रेषा एक आहे की दोन, यावर आमचं जमेना.

"जाऊ दे, साठेक वर्षांचं असणार," तो म्हणाला.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण हा माझा मित्र पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली असं मनापासून मानतो. या विषयावर आमचं गेली काही वर्षं अधूनमधून वाजत आलंय. मी म्हटलं, "झाडाचं वय वलयांवरून मान्य, मग खडकाचं का नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "देवानं पहिलं झाड निर्माण केलं, तेव्हा त्यात वलयं नसतील कशावरून? तू होतास तिथं?"

मी नव्हतो. आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाला चोख उत्तर नाही, हेच घरी येताना डोक्यात घोळत राहिलं.

ही युक्ती त्याची एकट्याची नाही. 1857 मध्ये फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नाव 'ऑम्फॅलस', ग्रीकमध्ये बेंबी. आदमाला आई नव्हती, तरी बेंबी असणारच. तसंच पहिल्या झाडांत वलयं आणि खडकांत जीवाश्म, न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा म्हणून. गॉस वेडा नव्हता, समुद्रातल्या जीवांचा जाणकार होता. पुस्तक मात्र धार्मिकांनाही रुचलं नाही आणि शास्त्रज्ञांनाही.

ते खोडून काढता येत नाही, हीच त्यातली गोम. जग पाच मिनिटांपूर्वी आपल्या सगळ्यांच्या आठवणींसकट सुरू झालं असेल तर ते खोटं कसं ठरवणार, असा प्रश्न तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं 1921 मध्ये मांडला होता. नाहीच ठरवता येत. मग सहा हजारच का, पाच मिनिटं का नकोत? हे मला बुंध्यापाशी सुचायला हवं होतं. सुचलं जिन्यात.

सहा हजारांचा हिशोब करणाऱ्यांची टिंगल मला करवत नाही. आयर्लंडच्या आर्चबिशप जेम्स अशरनं 1650 मध्ये सृष्टीच्या आरंभासाठी इसवी सनपूर्व 4004 हे वर्ष काढलं ते अंदाजपंचे नव्हे. बायबलमधल्या वंशावळ्या, राजांच्या कारकिर्दी, बाबिलोनचा इतिहास, सगळं जुळवत माणूस मागं मागं गेला. हाताशी लिखित साधनंच होती, ती त्यानं पिळून काढली. खडक वाचायला तेव्हा कुणी शिकलंच नव्हतं.

आणि आपल्यापैकी काही जण लगेच पुराणांतला 432 कोटी वर्षांचा कल्प पुढं करतात, बघा, विज्ञानाच्या 454 कोटींच्या किती जवळ! जवळ आहे खरा. पण तोही आकडा कुणी मोजून काढलेला नाही. मित्राला एक फूटपट्टी आणि स्वतःला दुसरी, हे मला जमायचं नाही.

मित्राचा दुसरा टोला जास्त लागला होता. "तुमचे शास्त्रज्ञ दर वेळी आकडा बदलतात." बदलतात. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विननं 1862 मध्ये, तप्त गोळा निवत गेला असं धरून, पृथ्वीचं वय 2 ते 40 कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं. 1897 पर्यंत ते आवळत 2 ते 4 कोटींवर आणलं. गणित बरोबर, आकडा साफ चुकलेला. त्याचाच एकेकाळचा सहायक जॉन पेरी यानं 1895 मध्ये दाखवलं की पृथ्वीच्या पोटातला भाग थोडा जरी वाहता असेल, तरी आतली उष्णता वर येत राहते आणि वय कितीतरी वाढतं. किरणोत्सर्गाची उष्णता माहीत नसल्यामुळं केल्विन चुकला असं सगळीकडं सांगतात, मीही सांगत आलोय. पण खरी चूक पेरीनं बोट ठेवलं तिथं होती. केल्विननं आपली गृहीतं कागदावर मांडली होती, म्हणून तर ती पकडता आली. गॉसमध्ये पकडायला काहीच नाही.

आज मान्य असलेलं वय 454 कोटी वर्षं, पाचेक कोटी इकडं किंवा तिकडं. 1956 मध्ये क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं उल्कांमधलं शिसं मोजून 455 काढलं होतं, सात कोटी इकडंतिकडं. म्हणजे आकडा बदलतो, पण आता केवढासा!

झिरकॉन या खनिजाचा स्फटिक मला फार आवडतो. तयार होताना तो युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास पूर्णपणे बाहेर ठेवतो. युरेनियम ठरावीक वेगानं हळूहळू शिसं होत जातं, म्हणून नंतर आत सापडणारं शिसं हे युरेनियमचंच झालेलं. शिवाय घड्याळं दोन: युरेनियम-238 निम्मं व्हायला 447 कोटी वर्षं, युरेनियम-235 ला सुमारे 70 कोटी. दोघांचा वेग इतका वेगळा, आणि चांगल्या स्फटिकात दोघं एकच वय सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला एक कण 440 कोटींचा निघाला.

"पूर्वी हा वेग वेगळा असेल तर?" हाही प्रश्न रास्त आहे. 1987 मध्ये एका ताऱ्याचा स्फोट दिसला, सुमारे 1,68,000 प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे त्याचा उजेड इथं पोचायला तेवढी वर्षं लागलेला. तिथलं कोबाल्ट-56 हे किरणोत्सारी मूलद्रव्य इथल्यासारखंच 77 दिवसांत निम्मं होत त्याचा उजेड मंदावत गेला. आता जग सहा हजार वर्षांचंच असेल तर तो तारा फुटलाच नाही. न घडलेल्या स्फोटाचा उजेड, कोबाल्टच्या हिशोबासकट, वाटेतच तयार करून ठेवलेला. असा खोट्या नोंदी करणारा कारकून मित्राच्या देवात मला दिसत नाही, आणि त्यालाही दिसत नसावा.

तरी एक गोष्ट सलतेय. यातलं मी स्वतः काय मोजलंय? अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र, वस्तुमानवर्णपटमापी, मी फोटोतच पाहिलंय. 454 कोटी मी कुणावर तरी भरवसा ठेवूनच मानतो. मी स्वतः मोजलेली वलयं तेवढी 64, आणि तीही वादग्रस्त. माझा भरवसा वेगळा आहे असं मला वाटतं, कारण मोजणारे एकमेकांच्या चुका काढायला टपलेले असतात. पण हे त्याला समजावताना माझा आवाज चढतो, आणि मग मीच प्रवचन देणाऱ्यासारखा दिसतो.

आत्ता साडेअकराला त्याचा मेसेज आला. निघताना परत बुंध्यापाशी गेला होता म्हणे, मोबाईलचा टॉर्च लावून, ती कुजकी कड सोडून दुसऱ्या बाजूनं मोजलं.

"63."

खाली आणखी एक ओळ: "तू मध्याचा ठिपका धरला होतास का?"

धरला होता.