काटा एकावर आला, पण वॅट गेले कुठं?

लायसन्स हातात पडलं की नव्या हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) पहिला फोन येतो तो सेट आणि अँटेना जुळवणाऱ्या ट्यूनरसाठी. लातूर, परभणी, नांदेड, कुठूनही येऊ दे, प्रश्न ठरलेला: "कोणता ट्यूनर घेऊ? एसडब्ल्यूआर एकावर आणायचाय." एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडं पाठवलेल्यातली किती पॉवर परत येते त्याचं माप; एक म्हणजे काहीच परत येत नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या सबमर्सिबल उघडायच्या, काळी पडलेली वाइंडिंग काढायची, नवी भरायची, हे रोजचं काम. करंट कुठं गेला आणि उष्णता कुठं झाली हेच दिवसभर बघत असल्यामुळं असेल, पण मला ट्यूनरच्या आधी वॅटमीटर महत्त्वाचा वाटतो. एकावर आलेला काटा फक्त एवढं सांगतो की सेटकडं काही परत येत नाहीये. पाणी मोटारीकडं परत आलं नाही म्हणून ते शेतात पोचलं असं कुणी शेतकरी धरत नाही. मधेच पाइप फुटलेला असू शकतो. रेडिओत मात्र भले भले लोक तसं धरून चालतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी थोडा हिशोब. मीटरवर दोन आकडे असतात: पुढं जाणारी पॉवर आणि परत येणारी पॉवर. क्रॉस-नीडल मीटरमध्ये दोन काटे एकमेकांना जिथं छेदतात तिथल्या रेषेवर एसडब्ल्यूआर वाचायचा. ५० वॅट पुढं आणि २ वॅट परत, म्हणजे १.५. त्यात फक्त ४ टक्के परत येतात. २ ला साधारण ११ टक्के आणि ३ ला २५ टक्के. १.५ चा १.१ करण्यासाठी लोक दिवस घालवतात, मला ते पटत नाही. समोरच्या माणसाला त्यातला फरक ऐकूसुद्धा येत नाही.

मग ट्यूनर कशाला? आजकालच्या ट्रान्झिस्टरवाल्या सेटना ५० ओहमचा लोड, म्हणजे समोर तेवढाच रोध, लागतो. एसडब्ल्यूआर २ च्या वर चढू लागला की सेट स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर कमी करतो. ट्यूनर सेटला ५० ओहम दाखवतो, सेट खूश होतो आणि पूर्ण पॉवर सोडतो. पण ट्यूनरच्या पलीकडं, केबलवर, एसडब्ल्यूआर होता तेवढाच राहतो. अँटेनाकडून परत आलेली पॉवर ट्यूनरपाशी येऊन पुन्हा अँटेनाकडं वळते, आणि प्रत्येक फेरीत केबल आपला वाटा खाते. केबल चांगली असेल तर हा वाटा किरकोळ असतो. ७ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-२१३ (जाड कोॲक्स केबल, म्हणजे मधे तार आणि भोवती जाळी) असेल, अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ असला तरी ५० पैकी ४२ वॅटच्या आसपास वर पोचतात; एसडब्ल्यूआर १ असता तर ४४-४५ पोचले असते. इतकाच फरक. केबल खराब असेल तर मात्र सगळं गणित बिघडतं, आणि ते ट्यूनरचा काटा कधीच सांगत नाही.

रेणापूरकडच्या एका गावात माझा भाचा राहतो. परीक्षा देऊन, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून लायसन्स मिळवून तो मोठ्या हौसेनं ऑन एअर आला. एका संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, काटा एकदम एकावर आलाय, पण कुणी ऐकंनाच. सेट बिघडला का काय?"

"ट्यूनर बायपास करून बघितलास का?"

"बघितलं की. तरीबी दीडच दाखवायलंय. अख्ख्या बँडवर दीड."

अख्ख्या बँडवर दीड म्हटल्यावर मला शंका आली. ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झच्या या बँडवर डायपोलचा (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाचा) एसडब्ल्यूआर वर-खाली व्हायलाच पाहिजे. सगळीकडं सारखा आणि कमी दिसतो तेव्हा मधे काहीतरी पॉवर खात असतं. मी मीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा ५० ओहमचा रोध) पिशवीत टाकून गेलो. आक्कानं चहा टाकला तोवर आम्ही कामाला लागलो.

पहिली तपासणी सोपी आहे आणि प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी करावी. वर अँटेनापाशी केबल सोडवली आणि टोक तसंच मोकळं ठेवलं. खाली ट्यूनर बायपास करून फक्त ५ वॅट कॅरिअर (न बोलता सोडलेली सलग लहर) दिला, तोही क्षणभर. टोक मोकळं असताना बरीचशी पॉवर परत यायला पाहिजे आणि एसडब्ल्यूआरचा काटा स्केलच्या टोकाकडं जायला पाहिजे. इथं तो २ च्या थोडा पुढं जाऊन थांबला. अँटेना जोडलेलीच नाही, तरी मीटर म्हणतोय बऱ्यापैकी जुळलंय! भाचा माझ्याकडं बघतच राहिला.

दुसरी तपासणी वॅटची. केबलच्या वरच्या टोकाला मीटर आणि त्याच्या मागं डमी लोड लावला. खाली ५० वॅट घातले, वर १९ वॅट निघाले. ३१ वॅट ३० मीटर केबलमध्ये तापून संपत होते. त्याच लांबीच्या नव्या आरजी-५८ (पातळ कोॲक्स) मधून या बँडवर साधारण ३८ वॅट बाहेर पडतात. ही केबलही आरजी-५८ च होती, पण वाया गेलेली.

कारण शोधायला ब्लेड पुरलं. फीड पॉइंटपासून (केबल अँटेनाला जिथं जोडतात तिथून) वीतभर खाली बाहेरचं काळं आवरण उभं चिरलं. आतली तांब्याची जाळी लाल-चमकदार असायला हवी, ती काळपट झाली होती, आणि बोटानं चोळली की हिरवट भुकटी हाताला लागत होती. आणखी खाली चिरल्यावर आवरणाच्या आतून पाण्याचा थेंब ओघळला. वरच्या जोडाला नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. मराठवाड्यातला उन्हाळा टेपचा गोंद वितळवून टाकतो, टेप सुटते, आणि पहिल्याच पावसात जाळी वातीसारखी पाणी ओढते. पाणी केबलमध्ये किती लांब जातं यावर डोळ्यांनी बघेपर्यंत विश्वास बसत नाही.

आता गंमत अशी की अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर ३ होता. खराब केबलनं जातानाची पॉवर खाल्ली, परत येतानाचीही खाल्ली, म्हणून खाली मीटरला परत येणारं थोडंच दिसलं आणि त्यानं दीड दाखवला. त्यावर ट्यूनर लावला की एक. म्हणजे काटा जितका गोड, तितकी शंका घ्यायची.

केबल बदलली. आरजी-२१३ टाकली, जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळली, तिच्यावर साधी टेप, आणि केबलला खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी जोडात न जाता झोळावरून गळून पडतं. वरच्या टोकाला ४४ वॅट मिळाले. मग अँटेनाकडं वळलो. ७.००० वर एसडब्ल्यूआर कमी आणि ७.२०० वर जास्त दिसत होता, म्हणजे तार लांब. डायपोलच्या लांबीच्या सूत्रानं १४३ भागिले ७.१ (मेगाहर्ट्झ) करून भाच्यानं २०.१ मीटर तार अगदी बरोबर कापली होती, पण घरावर पत्रे आहेत आणि इन्व्हर्टेड व्हीची (उलट्या व्ही आकारात टांगलेल्या डायपोलची) टोकं पत्र्याच्या जवळ येतात. तशा जागी तार हिशोबापेक्षा लांब असल्यासारखी वागते. दोन्ही बाजूंना ४० सेंटिमीटरच्या आसपास तार मागं दुमडून पिळली. कापायची नाही, दुमडायची. ऋतू बदलला की परत सोडता येते. एसडब्ल्यूआर १.३ वर आला आणि ट्यूनर बायपासवरच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हैदराबादच्या स्टेशननं पहिल्याच हाकेला उत्तर दिलं.

ट्यूनर नकोच असं माझं म्हणणं नाही. तो वापरताना काय बघायचं, तेही सांगतो. बाजारातले हातानं फिरवायचे बरेचसे ट्यूनर टी प्रकारचे असतात: दोन व्हेरिएबल कपॅसिटर ओळीत आणि मधून जमिनीकडं कॉइल. यात एकच एसडब्ल्यूआर अनेक सेटिंगवर मिळतो, आणि त्यातली सगळी सारखी चांगली नसतात. जिथं कॉइल कमीत कमी आणि दोन्ही कपॅसिटर जास्तीत जास्त असतील, ते सेटिंग निवडायचं. कॉइल जास्त घेतली की तिच्यातून फिरणारा करंट वाढतो आणि पॉवर तिथंच जळते. तापलेल्या इनॅमलचा वास मी दुकानात दिवसभर घेतो. ट्यूनरच्या डब्यातून तसा वास आला तर काटा काहीही म्हणो, सेटिंग चुकलंय.

सुरुवात कॅरिअर न देता करायची. रिसीव्हवर आवाज सर्वांत मोठा येईल असे नॉब फिरवायचे, मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐकायचं, विचारायचं, स्वतःचा कॉलसाइन सांगायचा, आणि ५ ते १० वॅटवर बारीक जुळवणी करायची. कॉइलचा स्विच पॉवर चालू असताना फिरवायचा नाही, संपर्क जळतात. सेटिंग वहीत लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्यांच्या बोलण्यावर शिट्टी वाजवत बसावं लागत नाही.

वॅटमीटरबद्दल दोन गोष्टी. पहिली, ५० वॅटच्या सेटवर एसएसबीत (आवाज पाठवायच्या एका पद्धतीत) बोलताना काटा १५-२० वर नाचतो आणि लोक घाबरून माइक गेन वाढवतात. साधा मीटर सरासरी दाखवतो, बोलण्यात मधे मधे शांतता असते. शिखर बघायचं असेल तर पीईपी दाखवणारा मीटर हवा. गेन वाढवला की आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरतो. दुसरी, ३०० वॅटच्या स्केलवर ५ वॅट वाचायचे नाहीत. मीटरची चूक पूर्ण स्केलच्या टक्क्यांत असते, तिथं ५ वॅट म्हणजे अंदाजच. ३० वॅटचं स्केल लावावं.

आणखी एक, जी फार कुणी सांगत नाही. मीटर ट्यूनरच्या पुढं, केबलच्या बाजूला लावला तर ५० वॅटच्या सेटवर तो ६४ वॅट पुढं आणि १६ वॅट परत असं दाखवू शकतो. ही मीटरची बिघाडी नव्हे. ६४ मधून १६ वजा करायचे, ४८ उरतात. अँटेनाच्या दिशेनं खरोखर जाणारी पॉवर तेवढी. म्हणजे ट्यूनरनं २ वॅट खाल्ले, ते चालतं. वजाबाकी ३० वर आली असती तर मी कॉइल तपासली असती.

७ मेगाहर्ट्झचा डायपोल २१ मेगाहर्ट्झवर जवळपास तसाच चालतो, कारण तिथं तो तीन अर्ध्या तरंगांचा होतो. १४ वर मात्र कोॲक्सनं चालवू नका. तिथं मधल्या फीड पॉइंटचा रोध हजारो ओहम होतो, ट्यूनर खालून काटा एकावर आणूनही देतो, आणि आरजी-२१३ सारखी चांगली केबलसुद्धा पाऊण हिस्सा पॉवर खाऊन टाकते. १४ हवा असेल तर वेगळी तार टांगा किंवा समांतर तारांची फीडलाइन घ्या.

मी एवढा आग्रह का धरतो, तर आपला भाग किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीतलं कुणी विसरणार नाही. त्या भूकंपानंतर निरोप पोचवायला हॅम लोक धावून आले होते. अशा वेळी बॅटरीवर चाललेल्या सेटचा एकेक वॅट हवेत जायला हवा. पाणी शिरलेली केबल आहे की नाही, हे त्या दिवशी शोधायला वेळ नसतो. म्हणून आता, निवांतपणी तपासा. फक्त वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की मोजमापाचा विचार सोडा, केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा.

लातूर, रेणापूर, अंबाजोगाई, अहमदपूर भागात कुणाला आपली केबल तपासून बघायची असेल तर गुंडाळी करून दुकानावर घेऊन या. मीटर आणि डमी लोड तिथंच असतो, दोन्ही टोकांचे वॅट मिळून मोजू. दोन्ही बाजूंना कनेक्टर लावलेले असले की पाच मिनिटांचं काम आहे. सोमवारी दुकान बंद असतं.