धुक्याचा थेंब किती वेगाने पडतो?

पावसाळ्यात बेळगावकडे जांबोटीहून कणकुंबीला जाताना ढग अंगावरून सरकतो, आणि डिसेंबरात पहाटे मार्कंडेय नदीकाठच्या शिवारावर धुकं बसतं. दोन्ही बघून आपण म्हणतो, पाण्याचे कण हलके, म्हणून तरंगतात. पण पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड आहे आणि थेंब कितीही बारीक केला तरी हे प्रमाण तेच राहतं. हलकी असते ती वाफ. ती तर डोळ्यांना दिसतच नाही. दिसणारा प्रत्येक थेंब खाली पडत असतो, अगदी सावकाश.

किती सावकाश, याचा हिशेब शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडला. बारीक गोळ्याला हवेचा चिकटपणा अडवतो. व्यास निम्मा झाला की वजन आठपट घटतं, पण अडवणूक निम्मीच होते. म्हणून पडण्याचा वेग चौपट कमी होतो. धुक्यातला १० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला ३ मिलिमीटर उतरतो. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला नऊ-दहा मिनिटं लागतात. २० मायक्रॉनचा १२ मिलिमीटर, १०० मायक्रॉनचा सुमारे २५ सेंटिमीटर. हाच नियम पावसाच्या थेंबाला मात्र लावू नये. १ मिलिमीटरच्या थेंबाचा वेग या हिशेबाने सेकंदाला ३० मीटर येतो, प्रत्यक्षात तो ४ मीटरच असतो, कारण मोठ्या थेंबामागे हवा घुसळते आणि अडवणूक वाढते.

आता वाऱ्याकडे बघा. पानही हलत नाही असं वाटतं तेव्हाही हवा तासाला एखादा किलोमीटर सरकत असते, म्हणजे सेकंदाला २८ सेंटिमीटर. ३ मिलिमीटरने पडणाऱ्या थेंबाचं तिच्यापुढे काय चालणार? चोर्ला घाटात समुद्राकडून आलेली हवा डोंगराला आदळून वर चढते आणि थेंब तिच्यासोबत वर जातात. पहाटेचं धुकं वेगळं. तिथे थेंब खरंच खाली बसतात, पण गार हवेत नवे तयार होत राहतात. ऊन पडल्यावर ‘धुकं वर चढलं’ असं आपल्याकडे म्हणतात. होतं असं की जमीन आधी तापते आणि खालचे थेंब आधी वाळतात.

थेंब तयार व्हायला वाफेबरोबर एखादा कणही लागतो: धूळ, धूर, मीठ. हे घरी बघता येतं. सोड्याची दोन लिटरची बाटली घ्या. पाण्याच्या पातळ बाटल्या दाबल्यावर परत फुगत नाहीत. हाताला सोसेल इतकं गरम पाणी दोन चमचे घालून मिनिटभर फिरवा. काडी ओढून विझवा, बाटली थोडी दाबून सोडत तिचा धूर आत ओढून घ्या आणि झाकण घट्ट लावा. पाच-सहा वेळा जोरात दाबून एकदम सोडा. सोडताना हवा पसरून गार होते आणि आत ढग येतो. दाबलं की हवा तापून तो नाहीसा होतो. ढग दिसला नाही, तर बहुतेक झाकण गळत असतं किंवा उजेड चुकीचा असतो. अंधारात, मागे काळं कापड धरून, टॉर्च बाटलीच्या मागून थोडी बाजूला ठेवा. पाणी फार गरम असेल तर गार काचेवर धरते तशी वाफ बाटलीला आतून धरते. धूर जास्त झाला तर दाबल्यावरही बाटली पांढरीच राहते. एकदा धुराशिवायही करून बघा, फरक लगेच कळेल.

व्यास निम्मा की वेग चौपट कमी, हा नियम सगळ्यात महाग पडतो तो पिकावर औषध मारताना. अर्धा मीटर उंचीवरून, तासाला ७ किलोमीटर वाऱ्यात, २०० मायक्रॉनचा थेंब दीडेक मीटर वाहतो. १०० मायक्रॉनचा चार मीटर. ५० मायक्रॉनचा तेरा मीटर, म्हणजे बांधापलीकडे. दुपारी ३० अंश तापमान आणि ५० टक्के दमट हवा असेल, तर हा ५० मायक्रॉनचा थेंब चार सेकंदांतच सुकतो आणि औषधाचा उरलेला बारीक कण पुढे जातो. अथणीकडे उसाशेजारी द्राक्षबागा आहेत. उसातल्या तणावर टू-फोर-डी मारताना हे विसरलं की शेजाऱ्याच्या वेलीची पानं आकसतात. त्यामुळे तणनाशकाला पंख्यासारखा फवारा देणारा, मोठ्या थेंबाचा नोझल आणि कमी दाब. दाब वाढवला की काम लवकर होतं असं वाटतं, पण थेंब बारीक होतो.

पहाट शांत असते म्हणून तेव्हाच फवारणारे बरेच आहेत. ती वेळ फसवी. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे बारीक थेंब वर विरत नाहीत, आडवे लांब जातात. चुलीचा धूर वर न जाता शिवारावर लोळत असेल, तर पंप खाली ठेवा. ऊन येऊन धूर वर जाऊ लागला, हलकी झुळूक एका दिशेने वाहू लागली, की सुरू करा.

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळताना तोच हिशेब उलटा लागतो. डोळ्यांना दिसणारी धूळ काही मिनिटांत खाली बसते, पण २ मायक्रॉनचा कण बंद खोलीतही डोक्याच्या उंचीवरून उतरायला तीन-चार तास घेतो. चाळण थांबून हवा स्वच्छ दिसू लागली की बायका तोंडावरचा पदर काढतात, नेमकी तेव्हा फुप्फुसात खोल जाणारी धूळ तशीच असते. पदराच्या विणीतून ती आधीही जात होतीच. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवून घालावा आणि चाळण थांबल्यावरही काही तास काढू नये. पंखा छताचा नको, तो खाली बसलेली धूळ उठवतो. भिंतीतला, हवा बाहेर फेकणारा असावा, आणि समोरची खिडकी उघडी. झाडण्याआधी फरशीवर पाणी शिंपडावं, मालावर नाही; ओले कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि मोठे झाले की उडत नाहीत.