जबड्यातली केराटोसिस्ट: ओपीजीपासून फॉलोअपपर्यंत माझा अनुभव

वरच्या दाढेत कळ यायची म्हणून नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडे गेलो होतो. ती दाढ किरकोळ निघाली, फिलिंगवर भागलं. पण खालची उजवी अक्कलदाढ कधी वर आलीच नाही म्हटल्यावर त्यांनी ओपीजी काढून आणायला सांगितला, आणि पुढचं सगळं रामायण त्या ओपीजीतून निघालं. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत प्लॅस्टिकची काडी धरायची, मशीन डोक्याभोवती फिरतं आणि झालं. काहीशे रुपयांत होतो. अक्कलदाढ आत अडकून बसलीये आणि दुखत नाही म्हणून निवांत आहेत, अशा माणसांनी एकदा तरी काढून घ्यावा असं माझं स्पष्ट मत झालंय.

फिल्मवर शेवटच्या दाढेच्या मागे एक लांबट काळा डाग होता. जबड्याच्या कोपऱ्यातून वर कानाच्या दिशेने गेलेला. त्याच्या कडेने बारीक पांढरी रेघ. डॉक्टरांनी ती पेनच्या टोकाने दाखवली. "ही रेघ आहे ते बरंय. हळूहळू वाढणाऱ्या गोष्टीभोवती हाड अशी कड बांधतं. कडा कुरतडल्यासारख्या असत्या तर आजच्या आज पुढे पाठवलं असतं." गालावर सूज नाही, दुखणं नाही, आरशात बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"सिस्ट आहे, म्हणजे हाडात तयार झालेली, आत काहीतरी भरलेली पिशवी," ते म्हणाले. "पण कोणती, ते नुसत्या फोटोवरून सांगणार नाही."

घरी मात्र सगळ्यांना कोणती ते माहीत होतं, कारण मावशीला झाली होती. मावशी लहानपणी जिन्यावरून पडली, वरचा पुढच्याच्या बाजूचा दात हळूहळू काळपट झाला, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या मुळाशी सिस्ट सापडली. रूट कॅनाल, मग हिरडी उघडून सिस्ट काढली, मुळाचं टोक कापलं, टाके, संपलं. दात अजून जागेवर आहे. "काही नसतं रे त्यात, दोन दिवस मऊ भात खायचा," असं तिने फोनवर सांगून टाकलं.

मावशीची ती रॅडिक्युलर सिस्ट. जबड्याच्या सिस्टपैकी सगळ्यांत जास्त आढळणारी. दाताची आतली नस मेली की जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाबाहेर जातो, आणि मूळ तयार होताना तिथे मागे राहून गेलेल्या पेशी त्या दाहामुळे वाढायला लागतात. म्हणजे मेलेला दात नसेल तर ही सिस्ट नाही. माझी तपासणी तिथूनच सुरू झाली. कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून त्यांनी तो डागाजवळच्या दाढांना लावला. दोन्ही दाढांतून अशी सणक गेली की मी खुर्चीत उसळलो. डॉक्टर खूश. "जिवंत आहेत. मावशीची सिस्ट तुमची नाही."

दुसरा संशय डेंटिजेरसवर. न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती ही होते आणि दाताच्या मानेला चिकटलेली असते. खालच्या अक्कलदाढा आणि वरचे सुळे ही तिची लाडकी ठिकाणं. माझी अक्कलदाढ आडवी झोपलेली आणि काळा डाग तिच्या डोक्याला लागूनच, म्हणजे चित्र जुळत होतं. तरी त्यांनी मला नेरुळमधल्या एका दंत महाविद्यालयात ओरल सर्जरीला पाठवलं. मी रबाळे एमआयडीसीत कामाला, ठाण्याहून पनवेल लोकल रोजचीच. तीच पुढे नेरुळपर्यंत.

कॉलेजच्या ओपीडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खाजगीत जावं की कॉलेजात हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. वेळ जातो. केसपेपर काढा, मग इंटर्न सगळं विचारणार, मग पीजी करणारी मुलं तेच परत विचारणार, मग सर्जन मॅडम येऊन तेच तिसऱ्यांदा. ("काका, आ करा" हे वाक्य मला झोपेतही ऐकू यायला लागलं होतं.) पण एकाच मजल्यावर सर्जन, एक्स-रे वाचणारे आणि बायोप्सी बघणारे तिघंही बसतात, आणि आपली फाइल घेऊन ते खरोखर एकमेकांशी भांडतात. माझ्यासारख्या केसमध्ये त्या भांडणाचा फायदा होतो.

बाकावर बसून बसून तोंडाच्या सिस्टचे इतके प्रकार बघितले की विचारू नका. एक बाई तान्ह्याहून थोडं मोठं बाळ घेऊन आली होती, त्याच्या हिरडीवर निळसर फुगा. आजीने रक्ताची गाठ म्हणून घरात रडारड केलेली. ती निघाली इरप्शन सिस्ट: दात वर येताना हिरडीखाली पाणी साठतं, दात आला की आपोआप फुटते. काहीच न करता घरी पाठवलं. कॉलेजातल्या एका मुलाच्या खालच्या ओठाच्या आत पाण्याचा फोड, फुटायचा आणि परत भरायचा. म्यूकोसील. ओठ चावायची सवय, त्यातून लाळेच्या छोट्या ग्रंथीची नळी फाटते आणि लाळ आत पाझरत राहते. फोड फोडून उपयोग नाही, खालची ग्रंथी काढावी लागते. तोच प्रकार जिभेखाली झाला की रॅन्युला. आणि पनवेलकडच्या एक आजी होत्या, कवळी बसेना म्हणून आलेल्या. दात कधीच काढून टाकलेला, पण मुळाशी असलेली सिस्ट आतच राहिली आणि नंतर वाढत गेली. एकदा पीजीची मुलं कॉम्प्युटरभोवती जमून कुणाच्या तरी वरच्या पुढच्या दातांमागचा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा डाग बघत होती. ती नेझोपॅलटाइन डक्टची, तिचा दाताशी संबंधच नाही; नाकाच्या तळाचं टोकदार हाड एक्स-रेत तिच्यावर येतं म्हणून बदाम दिसतो. हाडातली अशीही एक पोकळी असते की तिला अस्तरच नसतं, उघडली तर आत जवळजवळ रिकामी. तिला सिस्ट म्हणतात खरं, पण नावापुरतंच.

माझ्या फाइलवर मॅडमचं समाधान होत नव्हतं. सीबीसीटी काढला, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. त्यात दोन गोष्टी दिसल्या. डाग जबड्याच्या लांबीच्या दिशेने बराच पसरलेला, पण हाड बाहेरच्या बाजूला फारसं फुगलेलं नाही. आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस ज्या नळीतून जाते, ती नळी सिस्टने खाली ढकललेली. "डेंटिजेरस एवढी मोठी असती तर गाल फुगला असता," मॅडम म्हणाल्या. "ही आतल्या आत पोकळी करत पुढे-मागे सरकलीये. केराटोसिस्ट असेल, किंवा अमेलोब्लास्टोमा. सुई घालून बघू." अमेलोब्लास्टोमा हा ट्यूमर आहे हे बायकोने तिथल्या तिथे फोनवर वाचलं. ऐरोली येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

सुई घालतात ती दोन कारणांसाठी. आत रक्तवाहिन्यांचं जाळं असेल तर सिरिंज रक्ताने भरते आणि मग तिथे सुरी लावायची नसते. आणि दुसरं म्हणजे आतला माल बघायला. पिवळट, पातळ, उजेडात चमचमणारं पाणी आलं तर रॅडिक्युलर किंवा डेंटिजेरस; ती चमक कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांची. माझ्या सिरिंजमध्ये मळकट पांढरं, दाटसर, फाटलेल्या दुधासारखं काहीतरी आलं, तेही जाड सुईतून अडत अडत. मॅडमनी सिरिंज उजेडात धरली आणि पीजीच्या मुलीकडे बघून नुसती मान हलवली. ते केराटिन होतं, आपल्या कातडीच्या वरच्या थरात असतं तेच. त्याच खुर्चीत, भूल देऊन, अस्तराचा एक तुकडा बायोप्सीसाठी काढला.

रिपोर्टला आठवडाभर लागला. ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींतून निघालेली, केराटिनने भरलेली सिस्ट. खाली बारीक अक्षरात अस्तराचं वर्णन: सहा ते आठ पेशींचा एकसारखा पातळ थर, वरचा पृष्ठभाग नागमोडी, तळाच्या पेशी कुंपणासारख्या ओळीने उभ्या, आणि भिंतीत छोट्या उपसिस्ट. शेवटचे दोन शब्द मॅडमनी पेन्सिलने गोल केले. ही सिस्ट परत येते ती त्यामुळे. अस्तर इतकं नाजूक की काढताना फाटतं, एखादा तुकडा किंवा उपसिस्ट हाडात राहिली की तिथून पुन्हा सुरू.

भावाने इंटरनेटवर वाचून वेगळाच घोळ घातला. जुन्या पेपरांत हिचं नाव ट्यूमर म्हणून आहे. ते खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या वर्गीकरणात हिला ट्यूमरमध्ये टाकलं होतं, कारण ती चिवट आहे आणि तिच्यात पीटीसीएच नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. २०१७ च्या वर्गीकरणात परत सिस्टमध्ये आणलं. त्यामुळे वाचताना लेख कोणत्या सालचा ते आधी बघायचं.

मग मॅडमनी माझे दोन्ही तळहात खिडकीजवळ नेऊन उलटसुलट बघितले. मला कळेना जबड्याचा हाताशी काय संबंध. त्या छोटे खळगे शोधत होत्या. गॉर्लिन-गोल्ट्झ नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात जबड्यात एकापेक्षा जास्त केराटोसिस्ट होतात, तळहातावर खळगे असतात, बरगडी पुढे दुभंगलेली असते, आणि त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग होतो. छातीचा एक्स-रे काढला, घरात कुणाला असं काही होतं का विचारलं. माझ्यात त्यातलं काही नव्हतं.

उपचाराचे पर्याय त्यांनी कागदावर काढून दाखवले. जबड्याचा तेवढा तुकडाच कापून काढायचा, तर सिस्ट परत यायची शक्यता सगळ्यांत कमी, पण जबडा गेला. नुसती खरवडून काढायची, तर जबडा राहतो पण ती परत येण्याची भीती. मधला रस्ता दोन टप्प्यांचा: आधी सिस्टला तोंडात खिडकी पाडायची, म्हणजे आतला दाब जातो, पोकळी आकसते, भोवती हाड भरतं आणि नस सुटी होते, मग उरलेली छोटी सिस्ट काढायची. खिडकीची ही युक्ती पार्च नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्ये लिहून ठेवलीये. आम्ही ती निवडली.

ते खिडकीचे महिने हा या सगळ्यातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग. सुरुवातीला आत औषधी पट्टी भरलेली, नंतर तिथे बारीक नळी शिवली. रोज जेवणानंतर सिरिंजमध्ये सलाईन घेऊन नळीतून आत सोडायचं आणि बेसिनमध्ये थुंकायचं. पहिल्या दिवसांत जे बाहेर यायचं त्याचा वास इतका की बायको बाथरूमचं दार लावून घ्यायला सांगायची. जबडा पातळ झालेला, म्हणून चिक्की, ऊस, चकली बंद. त्या वर्षी दिवाळीच्या फराळात मी चिवड्यातलं फक्त पोह्याचं पाणी प्यायचं बाकी ठेवलं होतं. पण पुढच्या ओपीजीत काळ्या डागाच्या कडेने करडी झाक दिसली तेव्हा सिरिंजवरचा माझा राग गेला. ते नवीन हाड होतं.

दुसऱ्या टप्प्याच्या आधी मेडिक्लेमवाल्यांनी नाट्य केलं. "डेंटल आहे, कव्हर नाही." इथे एकच गोष्ट कामाला आली: मॅडमनी दिलेलं पत्र, ज्यात हा जबड्याच्या हाडाचा आजार आहे, पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करायचंय, असं लिहिलं होतं. सोबत बायोप्सी रिपोर्ट आणि सीबीसीटी. थोडी कापाकापी करून मंजूर केलं. असं पत्र आधीच घेऊन ठेवा, नकार आल्यावर पळापळ करण्यापेक्षा.

ऑपरेशनमध्ये सिस्ट काढली, आडवी अक्कलदाढ काढली, भोवतालच्या हाडाचा थर बर्रने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, घासला आणि पोकळीला काही मिनिटं कारनॉय द्रावण लावलं, उरलेल्या पेशी मारायला. मूळ कारनॉयमध्ये क्लोरोफॉर्म असतो, आमच्याकडे क्लोरोफॉर्मशिवायचं वापरलं. नस वाचली, पण दुखावली. खालचा ओठ उजव्या बाजूने बधिर. दाढी करताना वस्तरा लागला तरी कळायचं नाही, आणि चहा हनुवटीवर ओघळला की समोरच्याने खूण करायची. कन्सेंट फॉर्मवर हे लिहिलेलं होतं, मॅडमनी वाचूनही दाखवलं होतं. काही महिन्यांनी मुंग्या यायला लागल्या, मग बरीचशी जाणीव परतली. हनुवटीवरचा एक छोटा भाग अजून परका वाटतो.

काढलेली सगळी सिस्ट पुन्हा पॅथॉलॉजीला गेली, कारण पहिली बायोप्सी फक्त एका तुकड्याची असते. रिपोर्ट तोच आला.

आता ओळखीतले लोक मला व्हॉट्सअॅपवर ओपीजी पाठवतात. मी काही डॉक्टर नाही. एवढंच विचारतो: जवळचा दात जिवंत आहे का तपासलं का, आणि बायोप्सीत नाव काय आलं. "साधी सिस्ट आहे" एवढंच उत्तर आलं तर परत पाठवतो.

माझे ओपीजी आधी दर सहा महिन्यांनी होते, आता वर्षातून एकदा. ही सिस्ट परत आली तर बहुतेक वेळा पहिल्या पाच वर्षांत येते, पण त्यानंतरही आलेल्या केसेस आहेत, त्यामुळे मॅडम सुट्टी द्यायला तयार नाहीत. सगळ्या फिल्म एकाच जागी काढतो, म्हणजे जुन्या-नव्या शेजारी ठेवून बघता येतात. पुढची गणपती झाल्यावर.