सोऱ्याच्या चकत्या

आईच्या सोऱ्याबरोबर सहा चकत्या आल्या होत्या. वापरात दोनच, चकलीची आणि बारीक शेवेची. उरलेल्या चारही त्यांच्याबरोबर एका जुन्या धोतराच्या पुरचुंडीत असतात. दर दिवाळीत गाठ सुटते, सगळ्या चकत्या ताटात येतात, हव्या त्या दोन उचलल्या जातात आणि गाठ परत बसते. त्यातल्या एका लांबट फटीच्या चकतीतून काय पडतं, ते मी आजवर पाहिलेलं नाही. मी आईला यावरून चिडवायचो. मग मी राउटरच्या बिटांचा २४ नगांचा सेट घेतला.

राउटर म्हटलं की घरातले वायफायच्या डब्याकडे बघतात. माझा राउटर सुतारकामाचा. मिनिटाला २४,००० फेरे घेणारी मोटर, तिच्या तोंडाशी पातीचं बिट. ही मोटर मी प्लायच्या टेबलाखाली उलटी टांगली आहे, बिटाचं टोक तेवढं वर डोकावतं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. सोऱ्याचंच तत्त्व हे. जशी चकती, तशी नक्षी.

सेट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला घेतला. लाकडी पेटी, प्रत्येक बिटाला आपलं भोक, काहींवर नारिंगी प्लास्टिकचं सालही तसंच. माझ्या मशीनचं कोलेट, म्हणजे बिटाची दांडी आवळणारा चिमटा, अर्ध्या इंचाचं होतं, सेटच्या दांड्या बारा मिलिमीटरच्या. दुकानदार म्हणाला, "बारा एमएम आणि अर्धा इंच एकच हो साहेब."

एकच नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. दांडी आत गेली, नट आवळला गेला, मशीन सुरू झालं, आणि पहिल्याच फळीत खाच सुरुवातीला सहा मिलिमीटर खोल, शेवटाला नऊ. बिट चालता चालता वर सरकत होतं. ते पुरतं सुटलं असतं तर हा लेख डाव्या हाताने टंकावा लागला असता. शेजारी स्वयंपाकघराचं काम करायला आलेल्या मिस्त्रींनी दांडी बोटांत फिरवून पाहिली. "ही चार सुताची नाही साहेब. थोडी कमी भरते." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांचं बोट सुतात मोजतं, बाजार मिलिमीटरमध्ये विकतो आणि मधल्या ०.७ मध्ये मी सापडलो. १२ मिलिमीटरचं कोलेट वेगळं आणावं लागलं. दांडी जाडच हवी, हे मात्र खरं. पाव इंची दांडीपेक्षा अर्धा इंची दांडी दुप्पट जाड, पण वाकायला सोळापट ताठ.

दोन वर्षांत पेटीतली चार बिटं काळवंडली. तीच माझी निवड, मी वेगळी केलेलीच नाही.

सगळ्यात जास्त झिजलं ते सरळ बिट. इथे मोह पाऊण इंचाचा होतो, कारण प्लायला आपण पाऊण इंची म्हणतो. पण प्लाय असतो १८ मिलिमीटर, कधी तेवढाही भरत नाही, आणि पाऊण इंच म्हणजे १९.०५. त्या बिटाने पाडलेल्या खाचेत कप्प्याची फळी डुलते, आणि फट फेविकॉलने बुजवताना कोणी पाहू नये असं वाटतं. बारा मिलिमीटरचं बिट घेऊन दोन फेऱ्यांत खाच रुंद केली की फळी हवी तशी घट्ट बसते.

दुसरं बेअरिंगचं. मिस्त्रींच्या ट्रिमरला, म्हणजे हातात धरायच्या छोट्या राउटरला, एवढं एकच बिट असतं, सनमायकाची वाढीव कड ते सफाचट करतं. मी त्याच्यावर आकार उतरवतो. पातळ प्लायचा साचा कामावर चिकटवायचा, बेअरिंग साच्याच्या कडेला टेकून धावतं, पातं खालचं लाकूड तसंच्या तसं कापतं. तिसरं कड गोल करणारं, चौथं ४५ अंशांत कड मारणारं. यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, हात कापू नये एवढंच त्यांचं काम.

डव्हटेल, म्हणजे तळाशी रुंद होत जाणारी खाच पाडणारं बिट, एकदाच वापरलं. त्याची खाच थोडी थोडी खोल करत जाता येत नाही, एकाच दमात पूर्ण खोलीवर जावं लागतं. माझा दम पुरला नाही. आणि ते दारांच्या दिल्ह्यांचं, म्हणजे चौकटीत बसणाऱ्या फळ्यांचं, ८० मिलिमीटर रुंद धूड! त्या २४,००० फेऱ्यांवर त्याची कड ताशी ३६० किलोमीटरने धावेल. ते लावायचं तर वेग १०,००० वर आणायचा, तरीही दीडशेचा वेग उरतोच. मी ते पेटीतच बघतो.

सागवान मात्र सगळ्यांनाच खातो. त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य, पाती बोथट होतात. शिवाय चीक साचला की कड करपते. बिट आठवड्याला पुसावं, असं मी दर आठवड्याला ठरवतो.

गेल्या दिवाळीच्या आधी आईसाठी सागवानी पोळपाट करायला घेतला. म्हटलं, नक्षीचं बिट वापरायची हीच वेळ. नारिंगी साल सोललं, कडेला दुहेरी वळणाची नागमोडी उमटली. देखणी! फोटोही काढले. आईने अंगठा त्या वळणातून फिरवला.

"यात पीठ अडकणार रे."

मग थोडा लहान साचा कापला, बेअरिंगच्या बिटाने नक्षी उडवली, गोल बिटाने कड मारली. पोळपाट चार सुतांनी लहान झाला. आई त्यावर पीठ भुरभुरवत म्हणाली, "हे आधीच का नाही केलंस?" आणि पुरचुंडी सोडायला फळीवर हात घातला.