पॅकहाउसमधलं वायफाय एका हाताखाली आणताना

दिंडोरी रस्त्याला द्राक्षाच्या एका पॅकहाउसमध्ये मी नेटवर्क सांभाळतो. जानेवारीत तोडा सुरू झाला की एप्रिलपर्यंत इथं कोणालाच फुरसत नसते. बागेतून क्रेट येतात, घड साफ होतात, पनेट (द्राक्षाचे छोटे प्लास्टिकचे डबे) भरतात, बॉक्स पॅलेटवर रचले जातात, प्रीकूलिंगमध्ये मालातली बागेची उष्णता काढली जाते आणि मग पॅलेट शून्य अंशाच्या आसपासच्या कोल्ड स्टोअरमध्ये जातो. या प्रत्येक टप्प्यावर बारकोड वाचला जातो. युरोपला जाणारा बॉक्स कोणत्या प्लॉटमधला, हे अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीपर्यंत मागं जाऊन सापडलं पाहिजे. त्यामुळे एक स्कॅन राहिला तरी तो पॅलेट आमच्याकडे कंटेनरमध्ये चढत नाही.

हे सगळं स्कॅनिंग हातातल्या स्कॅनर गननं, वायफायवर चालतं. मी आलो तेव्हा सगळ्यांची एकच तक्रार होती, ‘वायफाय स्लो आहे’. या वाक्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. पॅलेटला लेबल लावणाऱ्या मावशींनी मात्र नेमकं सांगितलं: ‘‘सर, इथं उभं राहिलं का चालतं. दारातून आत गेलं का गोल फिरत बसतं. परत बाहेर आलं तरी लगेच नाही येत.’’ त्यांचं तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. आत गेल्यावर सिग्नल तुटणं समजू शकतं. पण बाहेर आल्यावरही गन अडकून राहत असेल, तर दोष सिग्नलच्या ताकदीत नाही, एका एपीवरून (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा) दुसऱ्यावर जाण्यात आहे.

म्हणून आधी मोजदाद केली. शेडमध्ये वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी बसवलेले चौदा डबे निघाले. बरेचसे घरगुती राउटर. प्रत्येकाच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट आत घ्यायच्या खाचेत) केबल खोचलेली, म्हणजे प्रत्येक जण जोडलेल्या उपकरणांना स्वतःच आयपी पत्ते (नेटवर्कवरचे ओळखक्रमांक) वाटणारा. गन एका राउटरकडून दुसऱ्याकडे गेली की तिचा आयपी पत्ता बदलायचा, सर्व्हरशी चाललेलं सेशन तुटायचं आणि ॲप पुन्हा लॉगिन मागायचं. हातमोजे घातलेला माणूस थंडीत कुडकुडत पासवर्ड टाकतोय आणि तोवर कोल्ड स्टोअरचं दार उघडं, हे दृश्य रोजचं होतं. दार उघडं राहिलं की आतलं तापमान चढतं, मालावर दव धरतं, आणि द्राक्षाला दव म्हणजे कुजीला निमंत्रण.

नवीन सामान यायला वेळ होता, तोवर तात्पुरता उपाय केला. राउटरची डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करायची, केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (आतल्या नेटवर्कच्या खाचेत) लावायची आणि पत्ते वाटण्याचं काम एकाच मुख्य राउटरकडे द्यायचं. प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या ॲडमिन पानाला वेगळा आयपी देऊन तो कागदावर लिहून ठेवायचा, नाहीतर नंतर त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. एवढ्यानंच लॉगिनचा त्रास बराच कमी झाला. ज्यांच्याकडे बजेट नाही त्यांनी सुरुवात इथूनच करावी असं मी मनापासून सांगेन.

आमच्या तात्यांचं, म्हणजे कोल्ड स्टोअरच्या सुपरवायझरचं, म्हणणं होतं की एक दणकट राउटर घ्या आणि बाहेरूनच आतपर्यंत सिग्नल मारा. ते होणार नव्हतं, आणि ते त्यांना दाखवणं मला गरजेचं वाटलं. कोल्ड स्टोअरच्या भिंती पफ पॅनेलच्या. मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना पत्रा. फोमनं फारसं काही अडत नाही, पण पत्रा रेडिओलहरी परतवतो. मोबाइलवर सिग्नल मोजणारं ॲप उघडून तात्यांना दारात उभं केलं. दाराबाहेर उणे ५८ डीबीएम (हे ताकदीचं एकक, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बरा). आत जाऊन दार लावलं, उणे ८८. मग त्यांना म्हटलं, तात्या, बाहेरून कितीही ताकद लावली तरी गनचं उत्तर बाहेर कसं येणार? गनची स्वतःची ताकद एपीपेक्षा कमी असते. एपीचं बोलणं तिला ऐकू येतं, तिचं एपीला ऐकू जात नाही. स्क्रीनवर कांड्या भरलेल्या आणि स्कॅन मात्र लटकलेला, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्या दिवसापासून प्रत्येक खोलीत वेगळा एपी लागेल हे तात्याच मालकांना सांगायला लागले.

मोजणी कधी करायची, हा मुद्दा माहितीपत्रकात सापडत नाही. द्राक्षात बहुतांश पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. नोव्हेंबरमध्ये रिकाम्या खोलीत मोजलं तर कोपऱ्याकोपऱ्यात झकास आकडे येतात. तीच खोली फेब्रुवारीत पॅलेटनं छतापर्यंत भरली की मागच्या रांगेत आकडा धाडकन खाली येतो. मी इमारतीच्या नकाशाची झेरॉक्स घेऊन भर सीझनमध्ये, भरलेल्या खोल्यांत फिरून आकडे लिहिले. गन चालेल तिथं उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा हवा, ही कसोटी ठेवली. एपीच्या जागा ठरल्या त्या नकाशावरूनच.

त्यानंतर एकाच कंपनीचे एपी आणि त्यांचा कंट्रोलर घेतला. कंट्रोलर म्हणजे ऑफिसमधल्या एका छोट्या पीसीवर चालणारं सॉफ्टवेअर. सगळे एपी त्याच्या ताब्यात द्यायचे आणि चॅनल, ताकद, पासवर्ड तिथूनच ठरवायचं. हा पीसी बंद पडला तर वायफाय बंद पडेल का, असं मालकांनी विचारलं. आम्ही घेतलेल्या प्रकारात नाही पडत. एपी शेवटचं मिळालेलं सेटिंग धरून चालत राहतात, फक्त आपल्याला काही बघता किंवा बदलता येत नाही. खरेदीआधी हे विचारून घ्यावं, कारण सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. एपी ताब्यात घेताना आधी सगळ्यांचं फर्मवेअर (एपीच्या आतलं सॉफ्टवेअर) एकाच आवृत्तीला आणलं, देश ‘इंडिया’ निवडला आणि प्रत्येकाला जागेवरून नाव दिलं: ‘प्रीकूल दोन उत्तर’, ‘डॉक एक’ (डॉक म्हणजे कंटेनर भरायची जागा). रात्री फोन आला की ‘डॉक एक लाल दिसतोय’ एवढं पुरतं.

चॅनलचं काम सोपं, पण हट्टानं करायचं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. रुंदी २० मेगाहर्ट्झ. जुन्या राउटरवर ४० ठेवलेलं होतं, म्हणजे एकट्यानंच अर्ध्याहून जास्त पट्टा अडवलेला. ५ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेनंतर भरपूर जागा मोकळी झाली. ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे विनापरवाना वापरता येतात. तरी मी ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढेच चॅनल घेतले. मधल्या चॅनलवर एपीला रडारची चाहूल लागली तर तो जागा सोडतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर सुरू होण्याआधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसतो. ओझरचा विमानतळ आमच्यापासून लांब नाही, आणि कंटेनर भरताना मिनिटभराचा खोळंबा मला परवडणारा नाही.

ताकद कमी करणं मात्र लोकांच्या गळी उतरवणं अवघड गेलं. वायफायची हवा सामायिक असते. एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं. भजनात प्रत्येकानं वरच्या पट्टीत सूर लावला की शेजारच्याचा सूर कळेनासा होतो, तसं सगळे एपी पूर्ण ताकदीवर असले की होतं. शिवाय गन लांबच्या एपीला चिकटून बसते, कारण त्याचा आवाज अजून येतोय. आम्ही २.४ ची ताकद २० डीबीएमवरून ११ वर आणली. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे १०० मिलिवॅटवरून साधारण साडेबारावर. ५ गिगाहर्ट्झची थोडी वर, १५ च्या आसपास ठेवली, म्हणजे गन त्या बाजूला ओढली जाईल. तक्रारी वाढतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्या कमी झाल्या.

कधी हलायचं हे कंट्रोलर ठरवत नाही, गन ठरवते. कंट्रोलर सुचवू शकतो, फार तर हाकलू शकतो. ८०२.११के आणि व्ही ही मानकं सुचवण्याच्या कामाची. शेजारी कोणते एपी आहेत हे गनला आधीच कळतं आणि ती शोधत बसत नाही. ८०२.११आर वेगानं हस्तांतर करतं, पण आमच्या जुन्या गन ते चालू असताना नेटवर्कला जोडायलाच तयार नव्हत्या. म्हणून गनच्या नेटवर्कवर आर बंद ठेवलं आणि गनच्याच सेटिंगमध्ये एपी बदलण्याची मर्यादा उणे ७० केली. खरा फरक या एका आकड्यानं पडला. तो स्वप्नातही कंट्रोलरच्या स्क्रीनवर सापडला नसता. गनचं मॅन्युअल उघडावं लागलं.

हवेत वायफायची नावंही फार झाली होती. ऑफिस, ऑफिस-२, गेस्ट, कॅमेरा, मालकांचं वेगळं. प्रत्येक नाव प्रत्येक एपीकडून सेकंदाला सुमारे दहा वेळा जाहीर होतं, तेही सगळ्यात मंद वेगानं, आणि त्यात बोलण्याची वेळ जाते. तीनच ठेवली: गन, ऑफिस, पाहुणे. तिन्हींना वेगळे व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधले वेगळे कप्पे), आणि २.४ वर १ व २ एमबीपीएसचे जुने वेग बंद.

पाहुण्यांच्या नेटवर्कचा एक गुंता सांगायलाच हवा. सीझनमध्ये शेतकरी, ड्रायव्हर, खरेदीदारांची माणसं अशी वर्दळ असते. दुपारपर्यंत जोडलेलं वायफाय दुपारनंतर नव्या माणसाला मिळेना. ‘आयपी मिळवत आहे’ एवढंच दिसायचं. वाटायला पत्ते २५४ आणि दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत आठवडाभराची. सकाळी येऊन गेलेल्या ड्रायव्हरचा पत्ता त्याच्याच नावावर अडकून राहायचा. त्यात आताचे मोबाइल खरा मॅक पत्ता (उपकरणाची कायमची ओळख) लपवून बनावट वापरतात, त्यामुळे नेटवर्क काढून पुन्हा जोडलं की काही फोन नवेच पाहुणे होऊन येतात. मुदत चार तासांवर आणली, पत्त्यांचा साठा १०२२ केला, प्रश्न मिटला.

केबलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान पाण्यानं केलं. एपीला वीज पीओई स्विचमधून त्याच केबलनं जाते. अंतर १०० मीटरच्या आत ठेवायचं. पण बाहेरची उबदार हवा केबलच्या भोकातून थंड खोलीत शिरते, तिथं तिचं पाणी होतं आणि ते केबलवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये जातं. एक एपी उघडला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. आता भोक दोन्ही बाजूंनी सिलिकॉननं बुजवतो, कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ देतो म्हणजे थेंब तिथंच गळतो, आणि खोलीत शून्याखालच्या तापमानाला चालणारे बंदिस्त एपीच लावतो. स्विचला यूपीएस दिला. वीज गेली आणि जनरेटर उचलेपर्यंत नेटवर्क उभं राहिलं पाहिजे.

रोज सकाळी कंट्रोलरवर मी दोनच गोष्टी बघतो: चॅनल किती टक्के भरलेला आहे आणि पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटचं प्रमाण. कोणत्या एपीवर गन जोडल्यात हे बघण्यापेक्षा हे आकडे आधी बोलतात. सेटिंग बदललं की त्याच दिवशी बॅकअप, आणि वहीत तारीख, काय बदललं, का बदललं. फर्मवेअर फक्त मे ते नोव्हेंबरमध्ये, तेही आधी ऑफिसच्या एका एपीवर. आठवडाभर तो नीट चालला तरच बाकीच्यांवर.

डॉकचं काम अजून राहिलं आहे. कंटेनरच्या आत पाचव्या-सहाव्या पॅलेटपुढे गन अजूनही अडखळते, कारण कंटेनरही पत्र्याचाच. दाराच्या बरोबर समोर, आत तोंड करून एकाच दिशेला सिग्नल टाकणाऱ्या अँटेनाचा एपी लावायचा विचार आहे. खांब उभा करून झाला आहे, केबल पुढच्या आठवड्यात ओढू आणि पहिला कंटेनर लागला की आत उभं राहून मोजू.