शाळेनं पोहायला कसं शिकवावं?

लहान मुलांना पोहायला शिकवतो म्हटलं की मुख्याध्यापक आणि पालक मला हमखास विचारतात, प्राथमिक शाळेनं पोहणं शिकवायचं ठरवलं तर कसं शिकवावं? आठवड्यातून एकदा तलावावर न्यावं, सलग पंधरा दिवस रोज न्यावं, की तात्पुरता तलाव शाळेच्या आवारातच उभारावा? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. नवशिक्यांना सलग न्या.

वेळापत्रकात दिसणारा तास फसवा असतो. जाणं-येणं, कपडे बदलणं, हजेरी, हरवलेला एक चष्मा, एवढं सगळं वजा केलं की पाण्यात अर्धा तास उरतो. त्यात पंधरा मुलं कठडा धरून उभी आणि प्रशिक्षक एकेकाला पुढे घेतोय, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं. बाकीचा वेळ कुडकुडण्यात जातो. म्हणून तलाववाल्यांना 'किती तास?' न विचारता 'एक मूल प्रत्यक्ष किती मिनिटं हातपाय मारतं?' असं विचारा. उत्तर देताना ते चाचरले तर काय ते समजा.

आठवड्यातून एकदा गेलेलं भित्रं मूल दर वेळी भीतीपासूनच सुरुवात करतं. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला त्यानं सोमवारी धीर केला, तर तो मंगळवारी टिकलेला असतो, पुढच्या सोमवारी नसतो. रोज नेलं की चार-पाच दिवसांत अंग सैल पडतं आणि मूल उताणं तरंगायला लागतं. मात्र पंधरवड्यात आलेलं वर्षभरात गंजतं. पुढच्या वर्षी थोडी उजळणी ठेवा, नाहीतर खर्च पाण्यात.

आवारातल्या तलावाचा मोह मला कळतो. बस नको, पाणी कोमट ठेवता येतं, उथळ असल्यानं मुलं लवकर रुळतात. पण पाय टेकतात तिथं शिकलेलं मूल खोल पाण्यात तसंच वागेल याची खात्री नाही. शेवटचे काही वर्ग तरी खऱ्या खोल पाण्यात घ्या, जीवरक्षक काठावर ठेवून. हा जीवरक्षक शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा हवा; शिकवणाऱ्याची नजर एका मुलावर असते, ह्याची सगळ्यांवर. आणि वर्ग संपल्यावर तो तलाव कुलूपबंद कुंपणात राहणार का? पाण्याचा क्लोरिन रोज कोण तपासणार? या दोन प्रश्नांना माणसाचं नाव मिळत नसेल तर तलाव आणूच नका.

काय शिकवायचं, यावरही थोडं. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत निदान 25 मीटर पोहता येणं अपेक्षित आहे, पण त्याच्या जोडीला पाण्यात स्वतःचा जीव वाचवता येणंही आहे. नेदरलँड्समध्ये पोहण्याच्या पहिल्या परीक्षेतच मुलं अंगावर कपडे घालून पोहून दाखवतात. मला ही पद्धत फार पटते, कारण मूल पाण्यात पडतं ते पोहण्याच्या पोशाखात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली. त्यामुळे हात किती डौलदार फिरतो हे मी नंतर बघतो. पाण्यात पडणं, वर येणं, उताणं होऊन श्वास घेणं, वळून काठ गाठणं आणि शिडीशिवाय बाहेर पडणं, एवढं आधी.

ज्यांना आधीच येतं त्यांना 'खेळा तिकडे' म्हणून सोडून देऊ नका. त्यांना उभ्यानं तरंगायला आणि बुडणाऱ्याकडे स्वतः उडी न मारता दोरी किंवा काठी कशी द्यायची ते शिकवा.

पैसे एकाच इयत्तेपुरते असतील तर कुठली निवडायची, असाही प्रश्न येतो. मी तिसरी सांगतो. बहुतेकांचे पाय उथळ भागात टेकतात, सूचना कळतात. शिवाय ज्यांना जमलं नाही त्यांना चौथीत पुन्हा नेता येतं. बऱ्याच शाळा शेवटच्या वर्षी नेतात, तेव्हा राहिलेल्या मुलांना परत न्यायला वर्षच उरत नाही.