टेस्ला कॉइल: स्पार्क गॅप क्र. ३ च्या नोंदी

टेस्ला कॉइल म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारं हाय-व्होल्टेज, हाय-फ्रिक्वेन्सी यंत्र. भरलेला कपॅसिटर स्पार्क गॅपमधून (ठिणगी उडते ती फट) प्रायमरी कॉइलमध्ये मोकळा होतो, तिथून ऊर्जा सेकंडरी कॉइलमध्ये जाते. ही गॅप तिसऱ्यांदा बनवली, बाकी जोडणी आधीचीच. निऑन साइनचा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, ९ केव्ही (हजार व्होल्ट) ३० एमए (मिलिअँपिअर) (इलेक्ट्रॉनिक प्रकारचा इथे कामाचा नाही). ०.१५ मायक्रोफॅरड, २ केव्हीचे ९ पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे १६.७ नॅनोफॅरड. हा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला साधारण १०.६ नॅनोफॅरडशी रेझोनन्समध्ये (एकाच लयीत) येतो. नेमका तेवढाच कपॅसिटर लावला आणि गॅप थोडी जास्त उघडी राहिली, की व्होल्टेज चढत जातं आणि आतलं वाइंडिंग जळतं. म्हणून कपॅसिटर त्याच्या दीडपट. सेकंडरी ११० मिमी पीव्हीसी पाइपवर, २६ गेजचे सुमारे १००० वेढे. टोरॉइडसकट (वरचं धातूचं कडं) फ्रिक्वेन्सी २२० किलोहर्ट्झच्या आसपास.

क्र. १ म्हणजे समोरासमोर दोन बोल्ट. मिनिटभरात टोकं लाल होतात, कडकड जाऊन घुरघुर ऐकू येते, ठिणगी पिवळट पडते. गॅप पेटते, पण विझत नाही. खरी अडचण तीच. कपलिंग (दोन कॉइलमधली चुंबकीय जोड) ०.१५ धरलं तर प्रायमरीतली सगळी ऊर्जा साधारण १५ मायक्रोसेकंदांत सेकंडरीत जाते. त्या क्षणी गॅप विझली नाही तर तीच ऊर्जा परत प्रायमरीत येते आणि तांबं तापवण्यात संपते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स वीनने १९०६ मध्ये एका मोठ्या फटीऐवजी अनेक बारीक फटी वापरल्या त्या यासाठीच. क्र. २ मध्ये फटी होत्या, पण वारा नव्हता, तिच्याबद्दल एवढंच.

क्र. ३: २२ मिमी तांब्याच्या पाइपचे ७५ मिमी लांब ५ तुकडे शेजारी शेजारी, मध्ये ०.६ मिमीच्या ४ फटी. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दोन्ही टोकांना मोजा, एका टोकाला मोजून भागत नाही. हिशेबाने चारही मिळून ११.८ केव्हीला फुटतात. ट्रान्सफॉर्मरचं शिखर १२.७ केव्ही. पाइपांमधून हवा खेचायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर. शिखराला प्रायमरीत पावणेतीनशे अँपिअरच्या घरात करंट असतो, त्यामुळे जोडण्या नुसत्या पिळून ठेवू नका, लग लावून आवळा.

प्रायमरी एसीच्या पाव इंची नळीची, सपाट, १२ वेढे. हिशेबाचा टॅप (प्रायमरीवर जोडणी घेतो ती जागा) साडेनऊ वेढ्यांच्या जरा अलीकडे येतो. स्ट्रीमर (टोरॉइडवरून हवेत सुटणारी ठिणगी) फुटला की वरची कपॅसिटन्स वाढते, फ्रिक्वेन्सी उतरते, म्हणून टॅप पावणेदहावर सर्वात चांगला चालला. स्ट्रीमर ३५ सेंमीवरून ५० सेंमीवर.

दोन मिनिटांपुढे पाइप फुगून फटी आवळतात आणि स्ट्रीमर आखूड होतो. थंड होऊ द्या, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काळं घासा, पुन्हा गेज लावा. पाया हायलमचा (बेकलाइटसारखा थरांचा बोर्ड) होता. पावसाळ्यात तो दमट होऊन पाइपांखाली कोळशाची रेघ उमटली, मग ठिणगी हवेऐवजी तिथूनच जाऊ लागली. आता पाइप पॉलिकार्बोनेटवर.

हात लावण्याआधी: प्लग काढा, १० सेकंद थांबा (प्रत्येक कपॅसिटरवर १० मेगओहमचा हाय-व्होल्टेज रेझिस्टर आहेच), तरीही इन्सुलेटेड दांड्याने कपॅसिटरची बँक शॉर्ट करा. रेझिस्टर तुटलेला असू शकतो. हे ३० एमए जीवघेणे आहेत. ओझोन साचतो, खिडकी उघडी ठेवा. ठिणगीकडे टक लावू नका. सेकंडरीचं अर्थिंग घराच्या अर्थला नको, जमिनीत वेगळा जीआय पाइप ठोका.

पुढे: पाचवी फट ठेवून प्रत्येकी ०.५ मिमी करून पाहणं.